मळसूत्री पंखा, विहारनौकेचा
एंजिनाच्या शक्तीने फिरून पाणी मागे लोटणारा व नौकेस रेटा देणारा भाग. तो मुख्यत्वे ॲल्युमिनियम मिश्रधातू, अगंज पोलाद वा काशाचा करतात. पोलाद बळकट असल्याने त्याची पाती पातळ करता येतात व ती भाराखाली कमी वाकतात. त्यामुळे कार्यक्षमता वाढते. तथापि खडकावर आपटल्यास, रबरी नाभी असूनही, धक्का दंतचक्रांपर्यंत पोहोचण्याचा संभव अधिक असतो. ॲल्युमिनियमाचे पाते स्वतः वाकून वा मोडून बराच आघात शोषते. शिवाय ते स्वस्त असते. म्हणून दिंद्रुड (जि. बीड) परिसरातील, सिंदफणा नदीवरील माजलगाव जलाशयासारख्या उन्हाळ्यात पातळी खालावणाऱ्या गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम सोयीचे ठरते. खोल समुद्रातील वेगवान प्रवासास पोलाद श्रेयस्कर. मात्र खाऱ्या पाण्यात त्याच्या सान्निध्यातील ॲल्युमिनियमी भाग गंजू नयेत म्हणून जस्ताची धनाग्रे बसवितात.