घरच्या विमानाचे पायडल घेताना

शहापूरच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. गजावर कापड मोजण्यात आणि शिलाईच्या कारागिरांशी हिशेब करण्यात आमची उमर गेली. तेव्हा या पानावर विमानाबद्दल आम्ही काय लिहिणार, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु एका वस्तूच्या खरेदीवरून आमच्या घराण्यात बराच खल झाला, पैसा वाया गेला आणि एका मुलाचे मन मोडता मोडता राहिले. हा तजुर्बा इतरांच्या उपयोगी पडावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी बहीण मुरबाडला दिली आहे. तिचा मुलगा बारावी सायन्स झाला. त्याला लहानपणापासून विमानाचा शौक. मुंबईकडे जाणारी विमाने डोक्यावरून गेली की हा अंगणात उभा राहून कोणते विमान ते सांगायचा. त्याने घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर बसविला. हा काही कालचा खेळ नव्हे. त्याची पहिली आवृत्ती 1982 साली निघाली आणि अगदी अलीकडची 2024 ची आहे. हातात धरायचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, त्याच्याकडे होताच. पुढे तो म्हणाला, "मामू, पायडल पाहिजेत."

आमचे मेहुणे भडकले. "खेळण्यासाठी एवढे पैसे?" पण तेच मेहुणे मुलाला वैमानिक करण्यासाठी रस्त्याकडची जमीन विकायलाही तयार होते! व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. लाखांना होकार आणि हजारांना नकार, असा हा विचित्र हिशेब होता. भाईजान सांगतील ते करू, असे बहिणीने ठरविले आणि निवाडा आमच्याकडे आला.

खेळातून खरे काम उभे राहत नाही, असे मेहुण्यांचे म्हणणे होते. आम्ही त्यांना कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण दिले. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, 2016 साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले आणि 2017 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, त्याची नोंदणी मिळविली. मात्र यादव हे आधी प्रशिक्षित वैमानिक होते आणि नंतर त्यांनी विमान बांधले, हेही आम्ही त्याच बैठकीत भाच्याला ऐकविले. शौकाला शिक्षणाची जोड लागतेच.

पायडलचे काम काय?

इंग्रजीत याला रडर पेडल म्हणतात. विमानाच्या शेपटीवर उभे सुकाणू असते, ते पायाने चालते. डावे पायडल पुढे दाबले की उजवे आपोआप मागे येते आणि विमानाचे नाक डावीकडे वळते. याच पायडलचा वरचा भाग पंजाने दाबला की चाकांचे ब्रेक लागतात. डाव्या पायाने डाव्या चाकाचा, उजव्याने उजव्या चाकाचा. म्हणजे एका जोडीतून संगणकाला तीन वेगवेगळी मापे जातात: सुकाणू, डावा ब्रेक आणि उजवा ब्रेक.

शिकाऊ मुले बहुधा सेस्ना 172 सारख्या एका पंख्याच्या विमानावर शिकतात. उड्डाणासाठी पूर्ण ताकद दिली की या विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते, त्यामुळे उजव्या पायाने सावरावे लागते. उतरताना आडवा वारा असला की पायाचे काम आणखी वाढते. घरी पायडल नसतील तर दांडा पिळून किंवा संगणकावर भरवसा ठेवून काम भागते; परंतु पायाचे काम हाताला शिकविल्यासारखे होते. शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिराला हे समजावून सांगावे लागणार नाही. कापड हाताने फिरते, वेग पायाने राखला जातो आणि दोन्ही एकमेकांना न विचारता चालले पाहिजेत. ही सवय तोंडी शिकवून येत नाही.

ज्याला फक्त मोठी जेट विमाने घरी उडवायची हौस आहे, त्याने घाई करू नये. त्या विमानांत बहुतेक प्रवासभर पायाला फारसे काम नसते. ते लागते ते मुख्यतः धावपट्टीवर, आडव्या वाऱ्यात किंवा एक इंजिन बंद पडल्यास. लहान विमान किंवा हेलिकॉप्टर शिकू पाहणाऱ्याला मात्र पायडलवाचून गत्यंतर नाही.

आमची चूक

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट. घासाघीस करण्याची सवय हाडीमाशी मुरलेली. मुंबईत एका विक्रेत्याकडे जुनी जोडी निम्म्याहून कमी दामात मिळाली. बिल नाही, चाचणी नाही. कापडाचा तागा आम्ही उजेडात उलगडल्याशिवाय कधी घेत नाही. ही जोडी मात्र खोक्यात बांधलेली तशीच उचलली आणि कसाऱ्याची गाडी पकडून घरी आणली.

भाच्याने तीन महिने सराव केला. विमान धावपट्टीवरून डावीकडे घसरायचे, उतरताना नाक अचानक हलायचे. तो प्रत्येक चूक वहीत लिहून ठेवी. हळूहळू त्याचे बोलणे कमी झाले. एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "मामू, माझे पायच बरोबर नाहीत. अब्बांना सांगा, जमीन विकू नका."

म्हशाच्या जत्रेतला आमचा घोंगड्या-चादरींचा माल आवरून आम्ही मुरबाडला गेलो. संगणकातले आम्हाला काही कळत नाही. तराजू पारखताना आधी पारडी रिकामी करून काटा पाहतात, एवढे मात्र कळते. आम्ही म्हटले, "पाय काढ आणि काटा दाखव." संगणकात अशी उपकरणे तपासण्याचे पान असते. त्यावर पाहतो तो काय, पायडलवर पाय नसताना सुकाणूची खूण आपोआप डावीकडे उड्या मारत होती! खोट मुलाच्या पायात नव्हती, आम्ही आणलेल्या मालात होती.

जोडी उघडून साफ केली, परंतु आतली पट्टी झिजलेली होती. बिल नसल्याने परत देण्याचा प्रश्नच उरला नाही. पैसे गेले त्याचे दुःख थोडे. स्वस्ताईच्या मोहात आम्ही त्या पोराला तीन महिने खोट्या गजाने मोजत राहिलो, हे अधिक लागले.

घेताना काय पाहावे?

दुसऱ्या खेपेस आम्ही तागा पारखावा तसे एकेक पाहून घेतले.

पहिली गोष्ट, माप घेणारा भाग. स्वस्त जोड्यांत बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच हा प्रकार. त्यात पट्टीवर घासून माप मिळते, म्हणून धूळ आणि झीज यांचा त्रास. दुसऱ्या प्रकारात, ज्याला हॉल सेन्सर म्हणतात, चुंबकाने न घासता माप मिळते. आमच्या भागातला पावसाळी ओलावा आणि रस्त्याची धूळ पाहता, परवडत असेल तर दुसरा प्रकार घ्यावा.

दुसरी गोष्ट, पंजाचे ब्रेक. व्हीकेबी कंपनीच्या टी-रडरला ते नाहीत. ती जोडी लहान आहे, कमी जागेत मावते आणि लढाऊ विमानांच्या शौकिनांना पुरते. पण सेस्ना शिकणाऱ्याला दोन्ही ब्रेक वेगवेगळे हवेत.

तिसरी, दोन पायांतले अंतर. थ्रस्टमास्टरच्या टीएफआरपी या जोडीत पाय फार जवळ येतात. लहान मुलाला चालेल, उंच माणसाचे गुडघे अवघडतात. लॉजिटेकच्या जोडीत (ही मूळ साइटेकची, 2016 साली लॉजिटेकने तो व्यवसाय घेतला) अंतर बरे आहे आणि पायडल किती जड चालावे हे बटणाने ठरविता येते. थ्रस्टमास्टरचीच टीपीआर ही जोडी लोलकासारखी वरून टांगलेली, वजनदार आणि चुंबकी मापाची आहे. तिची किंमतही तशीच भारी. क्रोएशियातील एमएफजी क्रॉसविंडचा दर्जा नावाजलेला आहे, परंतु तेथून मागविताना सीमाशुल्क, जीएसटी आणि सुटे भाग येण्यास लागणारा वेळ हिशेबात धरावा.

चौथी, स्प्रिंग. मधोमध खटका जोरात बसत असेल तर बारीक हालचाल साधत नाही. पाय अलगद हलवून पाहावे.

पाचवी, जोडणी. काही पायडल त्याच कंपनीच्या दांड्याला जोडायचे असतात, काही थेट संगणकाला. आपला दांडा कोणता, हे लिहून घेऊनच दुकानाची पायरी चढावी.

सहावी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे घरातली फरशी. गुळगुळीत लादीवर ब्रेक दाबला की पायडल पुढे पळतात आणि चाकांची खुर्ची मागे. आम्ही मुरबाडच्या सुताराकडून एक जाड फळी करून घेतली. पुढे पायडल स्क्रूने बसविले, मागे बिनचाकाची खुर्ची त्याच फळीवर ठेवली आणि खाली रबरी चटई घातली. खर्च किरकोळ, पण जोडीचा खरा उपयोग त्यानंतरच झाला.

शेवटी आम्ही पंजाच्या ब्रेकची, मधल्या दामाची नवी जोडी घेतली, पक्क्या बिलासह आणि दुकानातच रिकामी चाचणी करून. पाच आकडी रक्कम गेली. बिल आम्ही दुकानाच्या खतावणीतच ठेवले आहे.

जमिनीचे काय?

पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घरच्या पायडलवर घातलेला एकही तास परवान्याच्या वहीत धरला जात नाही. परवान्यासाठी खऱ्या विमानातले 200 तास लागतात. धुळे, बारामती, गोंदिया येथे प्रशिक्षणाची सोय आहे. धुळ्याचे केंद्र 1928 साली जुहूला स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. शिकाऊ परवान्याला 16 वर्षे आणि व्यावसायिक परवान्याला 18 वर्षे पूर्ण लागतात. घरच्या सरावाचा एक तोटाही आहे. पडद्याची सवय लागलेली मुले खऱ्या विमानात बाहेर पाहण्याऐवजी काट्यांकडेच पाहत बसतात.

तेव्हा खर्चाचा क्रम आम्ही असा लावून दिला. सर्वांत आधी डीजीसीएच्या नियमानुसार वर्ग 2 ची वैद्यकीय तपासणी आणि पाठोपाठ वर्ग 1 ची. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो लाखो रुपये भरण्याआधी कळलेला बरा. त्यानंतर हवामान, दिशाशोधन आणि नियमांच्या लेखी परीक्षा. त्यांचा अभ्यास घरी बसून होतो. या दोन्ही पायऱ्या पार होईपर्यंत जमिनीचा विषय काढायचा नाही, असे मेहुण्यांकडून वचन घेतले.

भाचा दोन्ही वैद्यकीय तपासण्यांत पास झाला आहे आणि लेखी परीक्षांचा अभ्यास चालू आहे. संध्याकाळी तासभर फळीवर बसतो. वीज गेली की पुस्तक उघडतो. विमान अजूनही कधी कधी धावपट्टी सोडते, पण आता चूक आपली की यंत्राची, हे तो पाय काढून आधी पाहून घेतो. जमिनीत मेहुण्यांनी यंदाही भातच लावला.