दातवाल्या बाई

डॉक्टर म्हटलं की लोकांना कळतं, नर्स म्हटलं की कळतं. पण ‘डेंटल हायजिनिस्ट’ म्हटलं की समोरची बाई हमखास विचारते, ‘म्हणजे नक्की काय हो?’ सरकारी कागदावर आमचं नाव ‘दंत आरोग्यक’. पेशंटच्या लेखी मी मात्र कायम ‘दातवाल्या बाई’. १९८४ ते २०१८ अशी चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत मी हे काम केलं, आणि अगदी मनापासून केलं.

तसं हे काम काही नवं नाही. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये त्याची शाळाच काढली. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात आमच्या कामाची व्याख्या आली : दात साफ करणं, पॉलिश करणं आणि दातांची निगा कशी राखायची ते शिकवणं. दात काढणं, भरणं डॉक्टरांकडे. ती वेळच येऊ नये हे पाहणं आमच्याकडे.

दातांवर रोज एक मऊ, चिकट थर जमतो. तो ब्रशने निघतो. राहिला, तर लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं कीटण बनतं. मग कितीही घासा, ते हलत नाही. हिरड्या सुजतात, रक्त येतं. आणि रक्त दिसलं की बायका नेमका तिथेच ब्रश लावायचं सोडतात! खरं तर तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने घासायला हवं. ‘कीटण काढलं की दात हलतात’ ही समजूत तर घरोघरी. मी हातात आरसा द्यायचे आणि दाखवायचे, ‘बघा ताई, हिरडी खाली गेलीय, आतलं हाड झिजलंय. दात आधीच सैल झालाय, कीटणाने नुसता धरून ठेवलाय.’

सुरुवातीला सगळं काम हातातल्या अवजारांनी चालायचं, संध्याकाळी मनगट ठणकायचं. पुढे अल्ट्रासोनिक मशीन आलं, मनगट सुटलं. तोंडाची टकळी मात्र शेवटपर्यंत चालू राहिली, कारण निम्मं काम बोलण्याचंच.

सगळ्यात जास्त बोलायला लावलं ते मिश्रीने. कुणी तिला मशेरी म्हणतं. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड बायका दात घासायला म्हणून लावतात आणि सवय लागली की दिवसातून चार-पाच वेळा बोट तोंडात जातं. ‘बाई, मिसरीबिगर पोट साफ व्हत न्हाई,’ हे तर शेकडो वेळा ऐकलं. दुसरं म्हणजे, ‘मिसरीनं हिरड्या घट्ट ऱ्हात्यात, रगत येत न्हाई.’ रक्त येत नाही हे खरं. पण ते निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. आतलं दुखणं वाढतच असतं, फक्त दिसत नाही.

एकदा एक मावशी नातवाची दाढ दाखवायला आल्या. बोलताना त्यांच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. ‘मावशी, आता तुम्ही बसा खुर्चीत.’ ‘मला काय झालंय? दुखत न्हाई काय न्हाई.’ असले चट्टे दुखत नाहीत, हीच तर पंचाईत. त्यातला एखादा पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, नशिबाने कॅन्सर नव्हता. मिश्री सुटायला मात्र सहा महिने गेले. पाच वेळांची तीन वेळा, मग एकदा, मग नुसती बडीशेप. चिडायच्या, रुसायच्या, पण दर महिन्याला यायच्या. चट्टा हळूहळू फिका झाला. पुढच्या खेपेला त्यांनी गरोदर सून आणली, तीही मिश्री लावणारी. ‘हिला सांगा, माझं ऐकत न्हाई.’

गरोदर बायकांना तर मी मुद्दाम बोलवायचे. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम घेतं, बाळंतपणात दात जायचेच, असं मानणाऱ्या कितीतरी. बाळ दातांतून काही घेत नाही. संप्रेरकांमुळे हिरड्या हळव्या होतात, तेव्हा जास्त निगा हवी. दात साफ करून घेणं गरोदरपणातही सुरक्षित असतं, चौथा ते सहावा महिना त्याला सोयीचा.

चौतीस वर्षांत एक गोष्ट फार वेळा पाहिली. मुलाला, नवऱ्याला, सासूबाईंना घेऊन बाई दवाखान्यात येते, पण स्वतः खुर्चीत बसत नाही. मैत्रिणींनो, दोन वेळा दोन मिनिटं ब्रश, तीन महिन्यांनी नवा ब्रश आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढं स्वतःसाठी कराच. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्या. एक बिघडलं की दुसरं बिघडतं.

आणि घरात सायन्सला गेलेली लेक असेल, तर तिला या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दल जरूर सांगा. पगार फार मोठा नसेल. पण तोंडावर पदर धरून आलेली बाई महिन्याभराने पदर न धरता हसते, तेव्हा आपल्याला काय वाटतं, ते तिचं तिलाच कळेल.