बघितलेच नाही, तर वाचवणार कसे?

बोट भर समुद्रात बिघडली तर दुसरी बोट बोलावता येते. अंतराळयानाची गोष्ट वेगळी. तिथे मदतीला जाणाऱ्यालाही जमिनीवरूनच निघावे लागते, आणि रॉकेट सज्ज करायला आठवडे, कधी महिने लागतात.

कल्पना चावला यांचे नाव आपल्या घरांतल्या मुलांनाही माहीत आहे. त्यांच्यासह सात जणांना घेऊन ‘कोलंबिया’ यान १६ जानेवारी २००३ रोजी निघाले. ८२व्या सेकंदाला इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो, पण वेग ताशी सुमारे आठशे किलोमीटर! पुढे चौकशीत तसाच तुकडा तशाच कडेवर मारून पाहिला, तर सुमारे ४० सेंटीमीटरचे भगदाड पडले.

दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत हा आघात दिसला होता. संरक्षण खात्याकडून पंखाचे फोटो काढून घ्यावेत, अशी नासाच्या काही अभियंत्यांची मागणी होती. वरिष्ठांनी ती पुढे जाऊ दिली नाही. फोम याआधीही पडला होता आणि याने सुखरूप परतली होती. शिवाय पंख फुटला असला, तरी वर काही करता येणार नाही, अशी समजूत होती. काळजीचे कारण नाही, असे यानातल्यांना कळवले गेले. १ फेब्रुवारीला परतताना तप्त हवा त्या पंखात शिरली आणि टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

आम्हाला अस्वस्थ करते ते यापुढचे. बिघाड वेळेत कळला असता तर काय करता आले असते, याचा अभ्यास चौकशी मंडळाने नासाकडूनच करून घेतला. ‘अटलांटिस’ हे दुसरे यान मार्चमधल्या उड्डाणासाठी तयार होत होते. तीन पाळ्यांत रात्रंदिवस काम केले असते, तर ते १० फेब्रुवारीपर्यंत सोडता आले असते. कोलंबियातल्यांनी हालचाल कमी ठेवली असती, तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. मधे पाच दिवस. तेवढ्यात दोन याने जवळ आणून अंतराळपोशाखात एकेकाला पलीकडे न्यायचे. अतिशय धोक्याचे काम, पण अशक्य नव्हे.

इलाज नाही म्हणून तपासले नाही, आणि तपासले नाही म्हणून इलाज शोधलाच गेला नाही. (छातीत दुखत असताना ‘उगाच काहीतरी निघेल’ म्हणून डॉक्टरकडे न जाणारे आपल्या घरांतही असतात.)

नंतर नासाने रीत बदलली. २००९मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला ‘अटलांटिस’ गेले, तेव्हा सुटकेसाठी ‘एंडेव्हर’ दुसऱ्या तळावर उभे होते. डिसेंबर २०२२मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानातून यान थंड ठेवणारा द्रव गळाला, तेव्हा रशियाने दुसरे सोयुझ रिकामे वर पाठवले. स्थानकात राहायला जागा होती, म्हणून थांबता आले. त्या तिघांचा सहा महिन्यांचा मुक्काम वर्षभराच्या पुढे गेला. सप्टेंबर २०२३मध्ये तिघेही त्या दुसऱ्या यानातून कझाकस्तानात सुखरूप उतरले.