बळ आणि पकड

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज येते. दोन मल्ल समबल असले, तरी ज्याचे पाय तांबड्या मातीत घट्ट रोवलेले असतात, त्याचाच रेटा प्रतिस्पर्ध्यास जाणवतो. पाय घसरला की अंगातील सारे बळ व्यर्थ जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1912 साली उभ्या राहिलेल्या या मैदानातील हा धडा मोटारीच्या शर्यतीसही लागू पडतो.

मोटारींच्या एका शर्यतीस ड्रॅग शर्यत म्हणतात. तीत वळण नसते. उभी असलेली गाडी इशारा मिळताच सुटते आणि सरळ मार्गावर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, धावते. 1950 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमाने भरू लागल्या. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही त्या झाल्या आहेत.

या शर्यतीत ज्याचे इंजिन बलवान तो जिंकणार, असा कित्येकांचा समज असतो. परंतु चाक जागच्या जागी गरगर फिरले, तर इंजिनाचे बळ टायर झिजविण्यात आणि धूर काढण्यातच खर्च होते. गाडीस पुढे ढकलते ती टायर व जमीन यांमधील घर्षणाची पकड. चाकावर भार जितका अधिक, तितकी ही पकड साधारणतः अधिक असते.

हा भार कोठून येतो? बैलगाडीत ओझे मागे सरकले की गाडी उलाळते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. मोटारीत ओझे जागचे हलत नाही. तरीही ती वेगाने सुटताच तिचे नाक उचलले जाते आणि मागील चाकांवरचा भार वाढतो. समजा, गाडीचे वजन 1000 किलो आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 50 सेंटिमीटर उंच आहे आणि पुढील व मागील चाकांत 250 सेंटिमीटर अंतर आहे. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने ती सुटली, तर सुमारे 100 किलो भार पुढील चाकांवरून मागील चाकांवर जातो. मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीस हा लाभच होय. मात्र आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढील चाकांनी चालतात. त्यांची पकड अशा वेळी उलट कमी होते. त्यामुळे त्यांची मागची बाजू फार बसू न देणे हेच हिताचे असते.

मागील चाकांवर आलेला भार तेथे स्थिर राखण्याचे काम मागील सस्पेन्शनचे असते. कमानी, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि जोडदांडे मिळून ही रचना होते. अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत मागील आस पोलादी पाट्यांच्या दोन कमानींवर बसविलेला असे. चाके पुढे फिरू लागली की आसाचे कवच उलट दिशेने पिळवटते आणि पाटे वाकडे होतात. ते झटक्याने सरळ झाले की टायर जमिनीवरून उसळतो, पुन्हा आदळतो व पुन्हा उसळतो. अशा उसळण्याने पकड तर जातेच. पण प्रसंगी आसही मोडतो.

म्हणून सुधारणा निवडताना आधी दोष ओळखावा लागतो. सर्वप्रथम टायरमधील हवा आणि झिजलेले रबरी बुश पाहावेत. यास खर्च थोडा येतो. चाक उसळत असेल, तर आसाखाली घट्ट बसविलेला व पाट्याच्या पुढील टोकाखाली टेकणारा भक्कम दांडा ती पिळवणूक रोखतो. चाक उसळत नाही, पण गाडीचा मागचा भाग वरखाली डोलत राहतो, असे दिसल्यास शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलावे. एकच मागील चाक घसरत असेल, तर दोन्ही चाकांवरील भार समान राहील अशी योजना करावी लागते. केवळ मऊ कमानी बसविल्याने मागे जाणारा एकूण भार फारसा वाढत नाही. तो किती वेगाने व किती सावकाश बसतो, एवढेच त्यांच्या हाती असते. एका वेळी एकच बदल करून पहिल्या 60 फुटांस लागणारा वेळ मोजावा. तो घटला, तरच बदल योग्य ठरला असे मानावे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ व ओतकाम यांची परंपरा जुनी आहे. तेथील कुशल कारागिरास असा दांडा घडविणे अवघड नाही. परंतु नियमाबाहेर गाडीत फेरफार करणे आणि परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे, या दोन्ही गोष्टींना 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मनाई केली आहे. रस्त्यावर शाळेस निघालेली मुले असतात, सायकलवर दुधाची किटली घेऊन निघालेला गवळी असतो. घसरलेल्या गाडीपुढे त्यांस बचाव नाही. मल्ल आपले बळ आखाड्यात आजमावतो, गल्लीत नव्हे. वेगाची हौस असणाऱ्यानेही बंदिस्त मार्ग गाठावा. पकड चाकांना जितकी लागते, तितकीच ती चालविणाऱ्याच्या मनालाही लागते.