झोपी गेलेली मोटारसायकल

बंगळूर शहराच्या दक्षिणेस बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीच्या सुमारास, मोकळ्या हवेची आणि रुंद रस्त्यांची वस्ती म्हणून ती वसविण्यात आली. अखंड पाषाणातील प्रचंड नंदीचे देऊळ आणि गांधी बझारची गजबज यांमुळे ही वस्ती सर्वांच्या परिचयाची झाली आहे. येथे अजून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या पडवीत किंवा जिन्याखाली गोणपाटाने झाकलेली एखादी जावा किंवा येझदी मोटारसायकल पुष्कळदा आढळते. घरातील कर्त्या पुरुषाने ती हौसेने घेतलेली असते. पुढे तो थकतो, मुले परगावी जातात आणि गाडी जागच्या जागी राहते. घर पाडून तेथे इमारत उभारण्याची वेळ आली की भंगारवाल्याला बोलावणे जाते. तो लोखंडाच्या वजनावर किंमत सांगतो आणि त्याच घटकेला घरच्यांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : हे यंत्र मेले आहे, की नुसते झोपले आहे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आशादायक असते. मात्र ते घाईने मिळत नाही.

या गाड्या बसवनगुडीत इतक्या का, याचे कारण जवळच आहे. जावा हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातील नाव. यानेचेक या उद्योजकाच्या आडनावातील पहिली अक्षरे आणि वांडरर या जर्मन गाडीच्या नावातील पहिली अक्षरे जोडून ते १९२९ साली तयार झाले. रुस्तुम आणि फारुख इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे 'आयडियल जावा' कारखाना निघाला आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इराणातील यझ्द शहराची आठवण ठेवणारे 'येझदी' हे नाव त्यांना मिळाले. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा झळकली, पण त्या गाड्या अगदी निराळ्या आहेत. जुन्या गाडीचे इंजिन दुहेरी धावेचे, म्हणजे टू-स्ट्रोक. क्षमता बहुधा २५० घनसेंटीमीटर. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. रचना इतकी सुटसुटीत की साधी हत्यारे आणि पुरेसा संयम यांच्या बळावर तिची दुरुस्ती घरीही करता येते.

अनेक वर्षे उभी असलेली गाडी सुरू होत नाही तेव्हा लोक बॅटरीला दोष देतात, प्लग बदलतात, चढावरून ढकलून पाहतात. हे म्हणजे दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला. बिघाड बहुधा इंजिनाला चिकटून असलेल्या मुठीएवढ्या पात्रात असतो. ते पात्र म्हणजे कार्ब्युरेटर.

कार्ब्युरेटरचे काम सांगायला सोपे, पण करायला नाजूक आहे. पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते, आणि ती ठराविक प्रमाणात लागते : वजनाने पाहता एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. इंजिन हवा ओढून घेते तेव्हा ती कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते. वाट अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि त्याचा दाब घटतो. हे तत्त्व दानिएल बेर्नुली याने १७३८ साली मांडले, आणि अशा अरुंद गळ्याला व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. गळ्यातील दाब घटल्यामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. वाटीतील पातळी राखण्यासाठी एक तरंगणारा गोळा असतो. पेट्रोल वाढले की तो वर येतो आणि एका टोकदार सुईने टाकीकडील वाट बंद करतो. पेट्रोलच्या बारीक छिद्रांना जेट म्हणतात. गाडी जागेवर मंद चालत असता पेट्रोल पायलट जेटमधून येते. वेग वाढला की मेन जेटचे राज्य सुरू होते. पायलट जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते, आणि सारी गोम याच भोकात आहे.

पेट्रोल हे एक द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील हलकी द्रव्ये लवकर उडून जातात आणि थंड इंजिन पेटते ते मुख्यतः त्यांच्याच जोरावर. उरलेल्या जड द्रव्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पिवळसर डिंक तयार होतो. पुढे तो सुकून व्हार्निशासारखा कठीण होतो. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असल्यामुळे पेट्रोल उडून गेले तरी तेलाचा चिकट थर वाटीच्या तळाशी राहतो. डिंक आणि तेल मिळून पायलट जेटचे भोक बुजवितात, सुई जागेवर चिकटते आणि वायुमार्ग अरुंद होतात.

अलीकडे यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथूनच विक्रीस आणले गेले, आणि आज ते देशभर सर्रास मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी वाढत गेले तर ते इथेनॉलसह तळाशी निराळे होते आणि धातूला खाऊ लागते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि वायसर अशा इंधनासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात किंवा मऊ पडतात. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडे क्षीणही होते. यास्तव नळ्या आणि वायसर नव्या प्रकारचे घालणे आणि पेट्रोल फार दिवस साठू न देणे, ही पथ्ये आता अधिकच अगत्याची ठरली आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला नियम असा की, गोणपाट काढताच किक मारू नये. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरला असेल तर त्या एका किकेने पिस्टनवर ओरखडे पडतात. आधी प्लग काढून भोकातून थोडे इंजिन-ऑइल सोडावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग दांडा हाताने हलके दाबून पाहावे. इंजिन फिरले तर निम्मी लढाई जिंकली. न फिरले तर बळ वापरू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

दुसरी पायरी टाकीची. आत विजेरीचा झोत टाकून गंज पाहावा. जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. ते गटारात ओतू नये, जपून गॅरेजकडे सोपवावे. टाकी, तिचा नळ आणि त्यातील जाळी साफ झाल्यावाचून कार्ब्युरेटरला हात लावणे व्यर्थ आहे, कारण टाकीतील गंज दुसऱ्याच दिवशी धुतलेल्या जेटमध्ये येऊन बसतो. हे सर्व काम उघड्यावर करावे आणि आसपास दिवा, विडी किंवा देवघरातील निरांजनही नसावे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते.

यानंतर कार्ब्युरेटर उतरवावा. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि सुटे भाग पांढऱ्या कापडावर क्रमाने मांडावेत. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती वळणांत टेकतो हे मोजून लिहून ठेवावे. पुन्हा बसविताना हाच आकडा आरंभबिंदू होतो. रबरी आणि प्लॅस्टिकचे भाग बाजूला काढावेत, कारण सफाईच्या द्रव्यात ते विरघळतात किंवा फुगतात. धातूचे भाग कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजू द्यावेत. डिंक घट्ट असेल तर एकदा भिजवून भागत नाही. कॉस्टिक सोड्याच्या घरगुती उपायाच्या मोहात कोणी पडू नये. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूला तो खाऊन टाकतो.

सर्वांत मोठी चूक घडते ती जेट साफ करताना. भोक बुजलेले दिसले की हाती येईल ती टाचणी किंवा पोलादी तार त्यात खुपसली जाते. भोक मोकळे होते खरे. पण पितळ मऊ असल्यामुळे ते मोठेही होते, आणि त्यानंतर प्रमाण कधीच जुळत नाही. जेट भिजवून हवेच्या दाबाने साफ करावा आणि उजेडासमोर धरून पाहावा. भोकाचा स्वच्छ, गोल प्रकाशबिंदू दिसला म्हणजे काम झाले. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा. शरीरातील प्रत्येक मार्गात एका टोकाने हवा सोडून ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते की नाही, याची खात्री करावी. दिसणारे जेट चकचकीत आणि न दिसणारे मार्ग तुंबलेले, अशी अर्धवट सफाई बहुतेक अपयशांच्या मुळाशी असते.

तरंगता गोळा कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर गोळा फुटका आहे, आणि असा गोळा बुडून वाटी ओसंडू देतो. सुईच्या टोकावर झिजेची कडा जाणवली तर सुई बदलावी. सर्व भाग जोडताना नवे वायसर घालावेत, आणि मूठ सोडताच आतील स्लाइड खटकन खाली येते ना, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावे. अडकलेली स्लाइड म्हणजे लगाम तुटलेला घोडा.

ताजे पेट्रोल घालताना पुस्तिकेतील प्रमाणात टू-स्ट्रोक तेल मिसळावे. या इंजिनाला वंगण मिळण्याचा दुसरा मार्ग नाही. ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट पुसून घ्यावेत. जुन्या जावाच्या कार्ब्युरेटरवर टिकलर नावाची खुंटी असते. ती दाबली की गोळा खाली जातो, वाटी काठोकाठ भरते आणि थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळते. पहिली काही मिनिटे दाट धूर निघतो. साचलेले तेल जळत असल्यामुळे तो निघतो, त्याने घाबरू नये. मात्र गाडी बंद खोलीत चालवू नये.

यापुढे गाडी आपली तक्रार स्वतःच सांगते. ती ऐकता आली पाहिजे. मिश्रण दाट केले तरच चालते आणि जागेवर बंद पडते, तर पायलट जेट अजून तुंबलेला आहे. मंद चालते पण वेग घेताना गुदमरते, तर मेन जेट किंवा टाकीचा नळ पाहावा. पेट्रोल बाहेर सांडते, तर सुई किंवा गोळा. प्लगचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असला तर प्रमाण योग्य. काजळी धरली तर मिश्रण दाट, पांढुरका पडला तर क्षीण. यातील शेवटची खूण गंभीर मानावी. इंजिनाचा वेग आपोआप चढत गेला आणि मूठ सोडूनही उतरला नाही, तर क्रँकचे वाळलेले ऑइल-सील हवा आत घेत आहेत. अशा वेळी कार्ब्युरेटर शंभरदा धुतला तरी उपयोग नाही. इंजिन तत्काळ बंद करावे, अन्यथा पिस्टन तापून अडकतो.

सुट्या भागांसाठी बसवनगुडीकरांना दूर जावे लागत नाही. मिनर्व्हा सर्कल ओलांडले की जे. सी. रोडची वाहनांच्या सुट्या भागांची पेठ लागते. रस्त्यावर येण्यापूर्वी ब्रेक आणि तडकलेले टायर यांचीही व्यवस्था केली पाहिजे. पंधरा वर्षांची मुदत उलटली असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आवश्यक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ सालापासून स्वतंत्र नियम आहेत. इंजिन जिवंत झाले म्हणजे गाडी रस्त्यालायक झाली, असे नव्हे.

आणि ज्यांची गाडी आज चालू आहे, पण काही महिने उभी राहणार आहे, त्यांनी एवढेच करावे : टाकीचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीत उरलेले थेंबही काढून टाकावेत. पाच मिनिटांच्या या कामाने पुढचे पाच दिवस वाचतात.

२०२० सालच्या एप्रिलपासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा विद्युत्‌नियंत्रित इंधनफवाऱ्याने घेतली. हवेच्या दृष्टीने ते इष्टच आहे. पण त्याबरोबर जेटचा प्रकाशबिंदू पारखणारे डोळे आणि इंजिनाचा सूर ओळखणारे कानही कमी होत आहेत. गाडी भंगारात गेली तर दुसरी मिळू शकेल. तिची नस जाणणारा वृद्ध कारागीर गेला, तर त्याची विद्या कोणत्याही पेठेत मिळणार नाही. म्हणून घरातली जुनी गाडी जागी करायची असेल, तर ती अशा कारागिराच्या शेजारी बसून करावी आणि एखाद्या तरुणाला त्या कामात सोबत घ्यावे.