मानेवरची चामखीळ आणि रक्तातलं इन्सुलिन

कॉलर किंवा मंगळसूत्र घासतं तिथंच नेमकी लोंबणारी, मऊ, कातडीच्याच रंगाची चामखीळ! विषाणूमुळे येणारी खरखरीत चामखीळ वेगळी. ही ना दुखते, ना एकाची दुसऱ्याला होते. जवळपास निम्म्या प्रौढांना ती कुठं ना कुठं असते: मान, काख, जांघ, पापणी.

एखाददुसरी असली तर काळजी नको. पण मानेभोवती भराभर उगवायला लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञ साखर तपासायला सांगतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्तच सोडतं. हे जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढीचा इशारा देतं आणि त्या वाढत सुटतात. मानेवरचा काळसर, मखमली पट्टाही याच वाटेनं येतो. तो मळ नव्हे, घासून जात नाही. ‘मान नीट धूत नाहीस’ म्हणून मुलांना बोलणी बसतात, ते फार खटकतं.

चामखिळीमागे इन्सुलिनखेरीज आणखी एक संशयित आहे: मास्ट पेशी. डास चावल्यावर खाज आणणारं हिस्टामिन सोडतात त्या या रोगप्रतिकारक पेशी. काही अभ्यासांत चामखिळीत त्या आजूबाजूच्या कातडीपेक्षा जास्त सापडल्या. १८७८ साली पॉल एर्लिख यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. आत ठासून भरलेले कण बघून त्या खाऊनपिऊन पुष्ट झाल्यात, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो रसायनांचा साठा! त्यातली काही रसायनं तंतुपेशींना वाढवतात, म्हणून संशय. पण मास्ट पेशींमुळे चामखीळ येते, की चामखीळ आल्यावर त्या जमतात, हे अजून ठरलेलं नाही.

आणि बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये; अंगात लपलेल्या चरबीमुळेही शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची जोडी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये झळकली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, दोघांचा २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा घरगुती उपाय करू नका; जखम चिघळते, मधुमेहात तर जास्तच. डॉक्टर कात्रीनं, कॉटरीनं किंवा द्रव नायट्रोजननं ती काही मिनिटांत काढतात. गरोदरपणात आलेल्या काही बाळंतपणानंतर आपोआप आक्रसतात, तिथं थोडं थांबावं. बाकीच्यांनी त्याच फेरीत उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्यावी, कंबरही मोजून घ्यावी.