पदवीने कमाई वाढते. मग पदवीधर बेकार का?

शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई सरासरी ९ टक्क्यांनी वाढते, असे जागतिक बँकेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जगभराच्या अभ्यासात दिसले. भारतात मात्र २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, निरक्षर तरुणांत फक्त ३.४ टक्के, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो.

असे का? हातावर पोट असलेल्याला थांबणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर शिक्षणाला साजेशा नोकरीची वाट पाहतो.

म्हणून पदवीमुळे आयुष्यभरात होणाऱ्या जादा कमाईतून फी, शिकताना बुडालेली मजुरी आणि वाट पाहण्यात गेलेली वर्षे वजा करा. उरेल तो पदवीचा खरा फायदा. प्रवेश घेताना फीसोबत हेही विचारा: गेल्या वर्षी किती जणांना, किती महिन्यांत नोकरी लागली?